नाना, तुमची दुपार मी दाखवली

नाना, दोंडाईच्याला तुम्ही दुपारी जागेवर नसता, हे साहेबांना भिकाआप्पांनी सांगितलं नव्हतं. ते माझ्याकडून कळलं. आधी मी लावून ठेवलेल्या मशीनने सांगितलं आणि मग साहेबांनी विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. हे आजवर मी कुणाजवळ बोललो नाही, घरी बायकोजवळही नाही. तुम्ही होतात तेव्हा हिंमत झाली नाही. आता तुम्ही ऐकायला नाही, तर हात चालतोय. माझा स्वभाव तुम्हाला माहीत होता. त्यात हेही बसतं.

परवा धुळ्याला तुमचा दहावा झाला. मी सकाळच्या बसने जळगावहून आलो, मागे बसलो, जेवलो आणि परत आलो. घरी येऊन चप्पल काढली आणि सवयीने फोनकडे गेलो, दहाव्याला कोण कोण आलं होतं ते तुम्हाला सांगायला. रिसीव्हर हातात आल्यावर लक्षात आलं. तो परत ठेवला. मला फोन करायला दुसरं कुणी नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं.

तुमचा मुलगा पाहुण्यांना तुमची नोकरी, जळगावची बदली, निवृत्ती सगळं सांगत होता. त्याला जेवढं माहीत आहे तेवढं त्याने नीट सांगितलं. एकाने विचारलं, "भिकाआप्पांचं आणि नानांचं इतकं होतं, मग मध्ये काय झालं?" तो म्हणाला, "काहीतरी कारण झालं. नाना कधी बोलले नाहीत." ते कारण त्याच्या पाठीमागे पत्रावळीवर जेवत बसलं होतं.

मी दोंडाईच्याला मशीनं बसवायला पहिल्यांदा आलो ते हंगामाचे दिवस. आपली पेढी मिरचीची; मुख्य कचेरी जळगावला, तिथे साहेब आणि मी. स्टेशनपासून गोदामापर्यंत मैदानच्या मैदान लाल, पथाऱ्यांवर मिरची वाळत घातलेली, आणि मी टांग्यात मांडीवर मॉनिटर घेऊन बसलेलो. उतरलो तोच ठसका लागला. डोळ्यांना पाणी, तोंडातून शब्द फुटेना. तुम्ही कचेरीच्या दारात उभे होतात. म्हणालात, "ये भाऊ. आठे बठ्ठा खोकतस. आठ दिनमा सवय व्हई जाई." इथे सगळेच खोकतात, एवढं मला समजलं.

भिकाआप्पा काट्यावर होते. ट्रकांचं वजन तेच करायचे. त्यांनी खोक्याकडे पाहून तुम्हाला विचारलं, "हाई मशीन मना काटा बंद कराले आणेल शे का?"

"तुले बंद कराले आणेल शे," तुम्ही म्हणालात. "काटा चालूच राही."

तुम्हा दोघांची घरं रुळापलीकडे, मधली भिंत सामाईक. लहानपणी एकाच शाळेतून एकाच दिवशी पळालेले तुम्ही. मी जळगावकडच्या केळीच्या पट्ट्यातला, तुमची अहिराणी मला निम्मी समजायची, पण तुम्ही दोघं एकमेकांना शिवी दिल्याशिवाय हाक मारत नाही हे पहिल्याच दिवशी समजलं.

काट्याचा प्रोग्राम जुना होता. एका वेळी एकालाच बसू द्यायचा. आणि टर्मिनलं चार: काटा, गोदाम, रोकड आणि तुमचं टेबल. म्हणून मुख्य मशीनवर, ज्याला आम्ही होस्ट म्हणायचो, त्याच्यावर मी चार व्हर्च्युअल मशीनं उभी केली. प्रत्येकाला वाटावं आपल्यापुढे आपलं स्वतःचं मशीन आहे. खरं मशीन एकच, कोपऱ्यात काचेच्या पेटीत, मिरचीच्या खकाण्यापासून झाकलेलं. हे मी तुम्हाला समजावत होतो तर तुम्ही मध्येच थांबवलंत.

"म्हणजे घर एक. भाडेकरू चार. प्रत्येकाची खोली वेगळी, दार वेगळं."

"हो नाना."

"आणि घरमालक?"

"तो होस्ट."

"त्याची चावी?"

"जळगावला. माझ्याकडे."

"घरमालक गावातच राहत नाही," तुम्ही आप्पांकडे बघून म्हणालात. "भाडेकरूंची मजा आहे मग."

त्यानंतर कित्येक जणांना मी हे असंच समजावलं. तुमचीच उपमा, तुमचं नाव न घेता. साहेबांनाही तशीच सांगितली. ते पुढे येईल.

संध्याकाळी काटा बंद झाला की मी जळगावहून फोन लावायचो. तुमच्याकडचं मोडेम फोन उचलायचं, आधी शिट्टी मारायचं, मग खरडल्यासारखं किंचाळायचं, आणि दिवसभराचे आकडे तारेवरून माझ्याकडे यायला लागायचे. पेढीत त्याला वसुली म्हणायचे. त्याच तारेने मी आत शिरून अडकलेली खोली बंद करू शकत होतो, पुन्हा उघडू शकत होतो, मशीनचं घड्याळ लावू शकत होतो. पॅसेंजर धरून दोंडाईच्याला यायची गरज उरली नाही. त्या वेळी जळगावात असं काम करणारा मी एकटाच, असं मला वाटायचं. खरं असेल, नसेलही. वाटायचं मात्र खूप.

मग मी दिवसाही फोन लावायला लागलो, आणि रोकडवाल्यांनी तक्रार केली की मोडेम ओरडलं की आकडेमोड चुकते. मी जळगावहूनच एक आज्ञा देऊन मोडेमचा आवाज बंद करून टाकला. तुम्ही काही दिवसांनी फोनवर विचारलंत, "हल्ली तू येस का नही?"

"रोज येतो नाना. आवाज बंद केलाय."

तुम्ही म्हणालात, "चालू कर."

"का?"

"आम्हना कडे मानूस दुसराना घर जास ते दारमा खाकरीसन जास."

मी हसलो. म्हटलं, मशीनला कसली लाज. तुम्ही हसला नाहीत. "मशीनले नही रे. आत मानसं बठेल शेतस."

बघतो म्हणालो. बघितलं नाही. पुढे जळगावला आपण एका टेबलावर आलो तेव्हाही हा वाद निघायचा. मी म्हणायचो, नाना, उद्या सगळी मशीनं अशीच चालतील, दूर बसलेला कुणीतरी ती सांभाळेल, आतल्याला पत्ताही लागणार नाही आणि लागायची गरजही नाही. तुम्ही म्हणायचात, "सांभाळू दे. पण आला आहे एवढं कळू दे." मी दर वेळी वादात तुम्हाला गप्प करायचो. तुम्ही तत्त्वाने भांडत होतात. तुम्हाला माहीत नव्हतं की तुम्ही स्वतःचीच गोष्ट सांगताय. मला माहीत होतं, आणि तरी मी जिंकायचो.

आता मशीनने साहेबांना सांगितलं कसं, ते. तुमच्या होस्टला मेमरी कमी पडायची. खोली रिकामी असली तरी जागा खाते, सगळी मशीनं रेंगाळतात. म्हणून मी होस्टला सांगून ठेवलं, प्रत्येक खोलीत शेवटची कळ कधी दाबली ते टिपत जा. मला जळगावात बसून रिकाम्या खोल्या बंद करता याव्यात, एवढंच. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मलाच सुचलं आणि सुचल्याचा आनंद झाला. ते टिपण वसुलीबरोबर यायला लागलं. साहेबांकडे जो छापील कागद जायचा, त्यातून ते गाळायला हवं होतं. मी गाळलं नाही. कागद भरलेला दिसायचा, नाना. खरं सांगायचं तर एवढंच.

तुमची खोली दुपारी गप्प व्हायची. रोज, त्याच सुमाराला. आणि मला कारण ठाऊक होतं. मी तुमच्या घरी जेवलो होतो. तुमच्या पत्नी, अक्का, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या. तुम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी दुधात कुस्करून त्यांना भरवलीत, कूस बदलून दिलीत, पाठीला पावडर लावलीत. मी दुसरीकडे बघत बसलो तर तुम्ही म्हणालात, "लाजू नको. सकाळी आप्पाची बायको येते, वेणी घालून देते. दुपार माझी." परत येताना रूळ ओलांडत तुम्ही सहज सांगितलंत की टर्मिनलावर तुमचं पान उघडं ठेवून येता, आणि कुणी आलंच तर भिका सांभाळून घेतो. हे फक्त भिकाला माहीत आहे, असंही म्हणालात. मला सांगत असताना म्हणालात. मी जळगावचा, मला तुम्ही मोजलंच नाहीत.

साहेब एके दिवशी कागदावर पेन्सिल फिरवत थांबले. "ही खालची ओळ कसली?"

मी समजावलं. घर, खोल्या, भाडेकरू. शेवटची कळ. मी उभा होतो, त्यांनी बसायला सांगितलं. आठवतंय, कारण त्याआधी कधी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे हा तुमचा नाना रोज दुपारी गायब असतो?"

सांगायला कितीतरी होतं. पोती मोजायला गोदामात जातात. कळ दाबली नाही म्हणजे माणूस नाही असं होत नाही, टिपणावर विसंबू नका. किंवा सरळ खरं, की बायको अंथरुणावर आहे, घर जवळ आहे, काम कुठे अडलेलं नाही. काम अडलं नव्हतंच. आकडे मीच तर गोळा करत होतो.

मी म्हटलं, "तसं दिसतंय साहेब."

ते म्हणाले, "चांगलं केलंस हे. धुळ्यालाही असंच बसव." धुळ्याचं काम मला हवं होतं. बरेच दिवस हवं होतं.

तुम्हाला जळगावला बोलावलं गेलं. आत काय झालं ते मी काचेतून पाहिलं, ऐकू आलं नाही. तुम्ही बाहेर येऊन माझ्या टेबलाशी बसलात आणि पाणी मागितलंत. मी तांब्या-भांडं आणून दिलं. तुम्ही पाणी प्यायलात आणि भांडं हातात तसंच ठेवलंत.

"वेळसुद्धा सांगी रायनात," तुम्ही म्हणालात. "किती वाजता उठस, किती वाजता येस, बठ्ठं. विचारं तर म्हणे, आम्हाला सगळं कळतं." मग भांड्यात बघत म्हणालात, "भिकानी सांगं. दुसरं कोनलेच माहीत नही."

मी तुमच्या हातातून भांडं घेतलं आणि जागेवर ठेवून आलो. नाना, तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या, कदाचित तोंड पाहिलं नसतं. आप्पांकडे मात्र त्या संध्याकाळी तुम्ही नेहमीसारखे गेला असतात. मी परत येऊन विचारलं, "पॅसेंजर किती वाजताची?"

तुमची बदली जळगावला झाली. नजरेसमोर असावेत म्हणून. अक्कांना तुम्ही गाडीत गादी घालून आणलंत. भाड्याच्या दोन खोल्या मीच शोधून दिल्या होत्या, त्याचं तुम्ही कौतुक केलंत, चार लोकांत केलंत. अक्कांना दोंडाईच्याच्या गल्लीतल्या बायका हव्या होत्या. त्यांची जीभ जड, नवख्याला शब्द कळायचे नाहीत, म्हणून जळगावच्या शेजारणी दारातूनच हसून जायच्या. वेणी घालायला कुणी नव्हतं. माझी बायको दोनदा गेली, तिला तो जटा झालेला गुंता सुटेना. शेवटी तुम्ही अक्कांचे केस कापलेत. अक्का भिंतीकडे हात करून काहीतरी विचारायच्या, आणि तुम्ही मला सांगायचात, "आप्पाची बायको कुठे म्हणून विचारते." निरोप मात्र धाडला नाहीत. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत त्या गेल्या.

आप्पा आले होते तेव्हा. तुम्ही आत होतात. ते दारात आले, तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत आणि मान वळवलीत. त्यांनी बळजबरी केली नाही. फाटकाशी उभे राहिले, खांदा द्यायला पुढे झाले नाहीत, सगळ्यांच्या मागून चालत आले. नंतर मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. चहा घेतला. बशीत चहा ओतून त्यांनी तो प्यायलाच नाही. मला म्हणाले, "सुरेशभाऊ, तुम्ही त्यासना जवळ ऱ्हातस. मनं काय चुकनं, तेवढं विचारी द्या."

मी म्हटलं, "विचारतो."

नाना, त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती, हे लिहायला लाज वाटते. आपले डबे एकत्र उघडायचे. रविवारी मेहरूणला तळ्याकाठी चालत जायचो, तुम्ही बोलायचात, मी ऐकायचो. माझ्या मुलीला तुम्ही सायकल शिकवलीत. मला तेवढा वेळ नसायचा, धुळ्याच्या मशीनमध्ये शिरलेला असायचो. मी कुणाशी जुळवून घेणारा माणूस नाही. पेढीत माझ्याशी कामापुरतं बोलायचे. तुम्हीच एक होतात जे माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचात. तुमचा आप्पांबरोबरचा जो वेळ होता, तो मला मिळाला. मी तो घेतला. भिकाआप्पांची जागा रिकामी मी केली आणि तिथे मीच बसलो.

सांगायचं अनेकदा ठरवलं. तुमच्या निवृत्तीच्या दिवशी ठरवलं होतं. तुम्ही मुलाकडे धुळ्याला राहायला निघालात त्या सकाळी ठरवलं होतं. तुमची ट्रंक टपावर चढवली आणि खाली उतरलो. दर वेळी वाटायचं, आता काय उपयोग, जखम भरली असेल. ती भरली नव्हती हे मला धुळ्याच्या इस्पितळात कळलं. आणि तिथे मी जे केलं ते आधीच्या सगळ्याहून वाईट आहे. साहेबांपुढे मी लोभाने बोललो. इस्पितळात मी शांतपणे विचार करून गप्प बसलो.

तुम्हाला आठवडाभर तिथे ठेवलं होतं. मी आलो तेव्हा मुलगा औषधं आणायला गेला होता. तुमचा आवाज बसला होता. माझा हात धरलात आणि म्हणालात, "आते तूच एक मना शेस." मी तिथेच सांगून टाकणार होतो, खरंच. शब्द जुळवत होतो. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "भिका उना व्हता का?"

मी म्हटलं, "त्यांना कळलं नसेल."

"निरोप दे त्याले," तुम्ही म्हणालात. "एक डाव येई जा म्हना. सांगं ते सांगं त्यानी. व्हई गयं." म्हणजे तुम्ही माफ केलं होतंत. जे त्यांनी केलंच नव्हतं ते तुम्ही त्यांना माफ करायला बसला होतात, आणि ते माझ्या हातून पाठवत होतात.

मी निरोप देतो म्हणालो. बाहेर आलो. इस्पितळाच्या दारातच एसटीडीचं दुकान होतं. दोंडाईच्याच्या गोदामाचा नंबर मला पाठ आहे, किती वर्षं रोज फिरवला. मी दुकानापर्यंत गेलो. आणि डोळ्यापुढे आलं की आप्पा येतील, तुमच्या खाटेशी बसतील, तुम्ही म्हणाल झालं ते झालं, ते म्हणतील काय झालं, आणि मग दोघं मिळून माझ्याकडे बघाल. मी फोन केला नाही. बस पकडून जळगावला आलो. दुसऱ्या दिवशी करू म्हटलं. नंतर तुमच्या मुलाचाच फोन आला.

तुम्ही दाराकडे बघत होतात, असं तो म्हणाला. त्याला वाटलं, तुम्ही माझी वाट बघताय.

परवा दहाव्याला आप्पा आले होते. कुणी बोलावलं नव्हतं, गावात कुणीतरी पेपरात वाचून सांगितलं म्हणून आले. आता काठी लागते त्यांना. जेवायला बसले नाहीत. मी बसस्टँडकडे निघालो तर माझ्यामागून चालत आले आणि एका दुकानाच्या पायरीवर मला बसवलं.

"शेवटले मनं नाव काढं का त्यानी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "काढलं."

त्यांचा चेहरा मी लिहीत नाही. त्यांनी विचारलं, "काय म्हने?"

समोर जळगावची बस लागली होती. मी म्हटलं, आप्पा, मी दोंडाईच्याला येतो, तिथे बसून सांगतो. ते म्हणाले, "कव्हय येशात?" मी म्हटलं, लवकर. त्यांनी मान हलवली आणि माझी बस सुटेपर्यंत तिथेच बसून राहिले.

हे मी तुम्हाला लिहिलं याने काही फिटत नाही, नाना. तुम्हाला लिहिणं सोपं आहे. आप्पा कागद वाचणारे नाहीत, आणि दुसऱ्या कुणी वाचून दाखवावं अशी ही गोष्टही नाही. मला दोंडाईच्याला त्यांच्या ओट्यावर बसून तोंडाने सांगायचं आहे, की आप्पा, साहेबांना मी सांगितलं, तुमच्यावरचा आळ मी इतकी वर्षं राहू दिला, आणि नाना तुम्हाला बोलवत होते तो निरोप मी दिला नाही. भिकाआप्पांचं एवढं देणं माझ्याकडे आहे, आणि मी अजून गेलेलो नाही.